उपाहारगृहातील देयक : सेवा आकार आणि कर यांची आकारणी

बीजसंज्ञा : सेवा आकार, विक्रीकर, वस्तू व सेवा कर, करपात्र मूल्य, ग्राहक संरक्षण

प्रस्तावना

उपाहारगृहात जेवण आटोपल्यावर बडीशेपेच्या वाटीसोबत येणारा देयकाचा कागद सहसा वाचला जात नाही. शेवटचा आकडा पाहिला जातो, पैसे दिले जातात आणि मंडळी उठतात. त्या कागदावरच्या पाच-सहा ओळींत मात्र राज्यघटनेची एक दुरुस्ती, दोन-तीन करविषयक कायदे, ग्राहक संरक्षणाचा एक न मिटलेला वाद आणि शालेय पातळीवरील शेकडेवारीचे गणित एकत्र आलेले असते. वाणिज्य शाखेच्या वर्गात अप्रत्यक्ष करांचे स्वरूप समजावून देण्यासाठी इतके सुलभ साधन क्वचितच सापडेल. असे असूनही पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा कापडाचा घाऊक व्यापारी आणि यंत्रसामग्रीचा उत्पादक यांच्यापुरतीच मर्यादित राहतात.

प्रस्तुत लेखात या देयकातील रकमांची उकल केली आहे. त्यातील कोणती रक्कम सरकारजमा होते, कोणती मालकाच्या गल्ल्यात जाते आणि कोणती वाढप्याच्या हाती पडते, हा त्यातील मुख्य प्रश्न आहे. ग्राहक तिन्ही रकमा एकाच वेळी आणि एकाच नोटेने देत असल्यामुळे त्यांतील भेद त्याच्या लक्षात येत नाही.

संज्ञांचा घोळ

पहिली अडचण शब्दांची आहे. ‘सेवा आकार’ आणि ‘सेवा कर’ हे दोन शब्द उच्चाराला जवळचे असले, तरी त्यांच्या अर्थांत मूलभूत अंतर आहे. सेवा आकार म्हणजे सर्व्हिस चार्ज. तो उपाहारगृहाचा मालक स्वतः ठरवितो, बहुधा ५ ते १० टक्के या दराने लावतो आणि ती रक्कम त्याच्याच खात्यात जमा होते. त्याच्या आकारणीमागे कोणताही करकायदा नाही. सेवा कर हा केंद्र सरकारचा कर होता आणि १ जुलै २०१७ रोजी तो वस्तू व सेवा करात विलीन झाला. तरीही आज सेवा आकार भरणाऱ्या अनेक ग्राहकांची समजूत अशी असते की, ही रक्कम सरकारला जाते. देयकावर ही ओळ कराच्या ओळींना अगदी लागून छापलेली असते, त्यामुळे ही समजूत टिकून राहते. त्या मांडणीत काही हेतू असतो की ती केवळ संगणकप्रणालीची सवय आहे, हा प्रश्न येथे बाजूला ठेवता येईल. परिणाम मात्र एकच होतो.

संक्षेपांनी या गोंधळात भर घातली. २०११ ते २०१७ या काळातील देयकांवर ‘एस.टी.’ ही अक्षरे सेवा करासाठी येत, तर जुन्या देयकांवर तीच अक्षरे विक्रीकरासाठी असत. महाराष्ट्रातील सामान्य माणसाला एस.टी. म्हटले की लाल बसच आठवते, हा भाग वेगळा.

जेवण ही विक्री की सेवा?

खाद्यपदार्थावर विक्रीकर लावायचा, तर मुळात त्याची विक्री झाली पाहिजे. दुकानातून पावशेर चिवडा घेतला, तर ती विक्री आहे याविषयी शंका नाही. परंतु टेबलाशी बसून, पंख्याखाली, वाढप्याने आणून दिलेले ताट जेवणे ही विक्री आहे काय? वरवर हास्यास्पद वाटणारा हा प्रश्न भारतीय करविषयक न्यायव्यवस्थेत दीर्घकाळ गाजला.

१९७२ साली पंजाब राज्य विरुद्ध असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, निवासी पाहुण्याला हॉटेलात दिले जाणारे जेवण ही स्वतंत्र विक्री नसून निवासाच्या एकसंध सेवेचा भाग आहे. १९७८ साली नॉर्दर्न इंडिया केटरर्सच्या प्रकरणात हाच विचार उपाहारगृहात केवळ जेवायला येणाऱ्या ग्राहकांनाही लागू करण्यात आला. त्यामागील युक्तिवाद लक्षणीय आहे. उपाहारगृहात येणारा माणूस आपली भूक भागवून घेतो, पानातील न खाल्लेले अन्न बांधून नेण्याचा अधिकार त्याला नसतो, म्हणजेच अन्नाची मालकी त्याच्याकडे पूर्णपणे हस्तांतरित होत नाही. सबब ही विक्री नव्हे. उरलेली बिर्याणी डब्यात भरून देण्याची प्रथा सार्वत्रिक झालेल्या आजच्या काळात ही कसोटी वाचताना मौज वाटते. त्या वेळी मात्र तिच्यामुळे राज्यांच्या महसुलाचा एक स्रोतच धोक्यात आला, कारण राज्यांना अधिकार होता तो वस्तूंच्या विक्रीवर कर लावण्याचा. सेवेवर कर लावण्याचा नव्हे.

यावर उपाय म्हणून घटनेची ४६ वी दुरुस्ती, १९८२ करण्यात आली आणि ती २ फेब्रुवारी १९८३ पासून अमलात आली. अनुच्छेद ३६६ मध्ये (२९क) हा खंड समाविष्ट करण्यात आला. त्यातील (च) या उपखंडानुसार, सेवा म्हणून किंवा सेवेचा भाग म्हणून मोबदला घेऊन केलेला अन्न व पेये यांचा पुरवठा ही विक्री मानली जाऊ लागली. पुढे १९९९ साली के. दामोदरसामी नायडू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. ग्राहक देतो ती संपूर्ण किंमत अन्नाच्या पुरवठ्याची असते. त्यातून टेबल, खुर्ची, वातानुकूलन व वाढणी यांचा हिस्सा वेगळा काढून त्याला करातून वगळता येत नाही. ताटाची किंमत १०० रुपये असेल, तर राज्याचा विक्रीकर पूर्ण १०० रुपयांवर लागेल, असा त्याचा व्यवहारातील अर्थ झाला.

शंभराचे एकशे चाळीस

महाराष्ट्रात मुंबई विक्रीकर अधिनियम, १९५९ च्या जागी महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२ हा १ एप्रिल २००५ पासून लागू झाला. आपसमेळ योजना न स्वीकारलेल्या उपाहारगृहांच्या देयकांवर १२.५ टक्के हा सर्वसाधारण दर अनेक वर्षे दिसत असे. इथपर्यंत गणित सोपे होते. १ मे २०११ पासून केंद्र सरकारने वातानुकूलन आणि मद्यविक्रीचा परवाना या दोन्ही गोष्टी असलेल्या उपाहारगृहांवर सेवा कर लावला. १ एप्रिल २०१३ पासून परवान्याची अट गळाली आणि केवळ वातानुकूलन पुरेसे ठरले.

ज्या जेवणाची संपूर्ण किंमत घटनेने ‘विक्री’ मानली होती, त्यातच आता केंद्राला ‘सेवा’ दिसू लागली. हा विरोधाभास सौम्य करण्यासाठी सेवेचा हिस्सा ठरवून देण्यात आला. १ जुलै २०१२ पासून तो एकूण रकमेच्या ४० टक्के असा होता. त्यामुळे सेवा कराचा दर १२.३६ टक्के असताना देयकावर प्रत्यक्षात ४.९४४ टक्के भार पडे. १ जून २०१५ पासून दर १४ टक्के झाल्यावर ५.६ टक्के, आणि स्वच्छ भारत व कृषी कल्याण या दोन उपकरांसह १ जून २०१६ पासून दर १५ टक्के झाल्यावर ६ टक्के. हा आकडा ठाऊक नसलेल्या ग्राहकाकडून पूर्ण १५ टक्के वसूल झाल्यास त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता.

उदाहरणादाखल २०१३ सालच्या एका वातानुकूलित उपाहारगृहातील १,००० रुपयांचे जेवण घेता येईल. १० टक्के सेवा आकार धरून रक्कम १,१०० रुपये होते. सेवा कर ठरविताना सेवा आकारासह रक्कम विचारात घ्यावी लागे. म्हणून १,१०० च्या ४० टक्के, म्हणजे ४४० रुपये, आणि त्यावर १२.३६ टक्क्यांनी ५४.३८ रुपये. मूल्यवर्धित कर केवळ अन्नाच्या किमतीवर धरला तर १२५ रुपये आणि सेवा आकारासह धरला तर १३७.५० रुपये. दोन्ही प्रकारची देयके पाहावयास मिळत. त्यानुसार एकूण रक्कम १,२७९.३८ किंवा १,२९१.८८ रुपये होत असे. मूल्यवर्धित करावर पुन्हा सेवा कर लावणे मात्र नियमास धरून नव्हते, कारण सेवा कराचे मूल्य ठरविताना मूल्यवर्धित कर वगळावा, अशी स्पष्ट तरतूद होती.

येथे खरा आक्षेप दराविषयी नव्हता. राज्य १०० टक्के किमतीवर कर घेत होते आणि केंद्र त्याच किमतीच्या ४० टक्क्यांवर. शंभर रुपयांच्या जेवणाचे करापुरते एकशे चाळीस रुपये होत होते. केरळ उच्च न्यायालयाने २०१३ साली ही आकारणी केंद्राच्या अधिकाराबाहेरची ठरविली, तर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली ती वैध ठरविली. परिणामी काही काळ एकाच देशात एकाच कराविषयी दोन भिन्न भूमिका होत्या. वस्तू व सेवा कर आला नसता, तर हा वाद आणखी किती चालला असता, याची कल्पना करणे कठीण नाही.

एकच कर, बदलते दर

वस्तू व सेवा कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीने उपाहारगृहातील अन्नाचा पुरवठा हा सेवेचा पुरवठा मानला. १९७८ च्या निकालाने जे म्हटले होते, तेथेच कायदा ३९ वर्षांनी परतला. फरक एवढाच की, आता त्या सेवेवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कर लावता येत होता.

आरंभी, १ जुलै २०१७ पासून, वातानुकूलन व मद्यपरवाना नसलेल्या उपाहारगृहांसाठी १२ टक्के आणि इतरांसाठी १८ टक्के असे दर होते. एका मजल्यावर वातानुकूलन असले, तरी खालच्या मजल्यावर पंख्याखाली बसलेल्या ग्राहकालाही १८ टक्के द्यावे लागत. १५ नोव्हेंबर २०१७ पासून हा भेद संपला. साधारणतः सर्व स्वतंत्र उपाहारगृहांसाठी ५ टक्के हा एकच दर ठरला. पण त्यासोबत इनपुट टॅक्स क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची सवलत काढून घेण्यात आली. महागड्या हॉटेलांच्या आवारातील उपाहारगृहांसाठी वजावटीसह १८ टक्के दर राहिला. हे आवार कोणते, हे आरंभी खोलीच्या घोषित भाड्यावरून (७,५०० रुपये वा अधिक) ठरत असे. १ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी ‘विनिर्दिष्ट परिसर’ ही संकल्पना आली असून मागील वर्षी खोलीसाठी प्रत्यक्ष आकारलेले भाडे आणि हॉटेलने स्वतः केलेले घोषणापत्र यांवर ते ठरते.

वजावट गेल्याचा परिणाम ग्राहकाला दिसत नाही. म्हणून तो थोडा उलगडून पाहणे आवश्यक आहे. समजा, एखाद्या उपाहारगृहाची मासिक विक्री १० लाख रुपये आहे आणि जागेचे भाडे, उपकरणे, पॅकबंद माल इत्यादींवर त्याने ७० हजार रुपये कर भरला आहे. १८ टक्के दराने ग्राहकांकडून १ लाख ८० हजार जमा होत, त्यातून ७० हजार वजा करून १ लाख १० हजार सरकारकडे भरावे लागत. ५ टक्के दराने ५० हजार जमा होतात आणि ते सर्व भरावे लागतात. खरेदीवरील ७० हजार मात्र आता मालकाचा खर्च होतो. तो विक्रीच्या ७ टक्के आहे. तो भरून काढण्यासाठी मालकाने पदार्थांचे दर ७ टक्क्यांनी वाढविले, तर पूर्वी १०० रुपयांच्या पदार्थासाठी ११८ रुपये देणारा ग्राहक आता १०७ अधिक ५ टक्के, म्हणजे ११२.३५ रुपये देतो. कर १३ टक्क्यांनी उतरल्याची जाहिरात होते आणि खिशात ५.६५ रुपये राहतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये अनेक ठिकाणी दरपत्रके एका रात्रीत बदलली, त्याचे एक कारण हे होते. एकमेव कारण हेच होते, असे म्हणणे मात्र मालकवर्गाविषयी अतिउदारपणाचे होईल.

आकारणीचा क्रम

सध्याच्या देयकात क्रम निश्चित आहे : प्रथम पदार्थांची बेरीज, त्यातून देयकावरच दाखविलेली सवलत वजा, मग असल्यास सेवा आकार, आणि या सर्वांच्या बेरजेवर कर. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १५ नुसार पुरवठादाराने पुरवठ्यासोबत आकारलेल्या आनुषंगिक रकमा करपात्र मूल्यात धराव्या लागतात. सेवा आकार त्यात मोडतो.

८४० रुपयांच्या जेवणावर १० टक्के सेवा आकार ८४ रुपये, बेरीज ९२४. त्यावर २.५ टक्के केंद्राचा कर २३.१० आणि २.५ टक्के राज्याचा कर २३.१०. एकूण ९७०.२० रुपये. सेवा आकार नसता, तर ८४० अधिक ४२, म्हणजे ८८२ रुपये झाले असते. दोहोंतील फरक ८४ चा नसून ८८.२० रुपयांचा आहे, कारण सेवा आकारावरही ४.२० रुपये कर बसला. म्हणूनच १० आणि ५ मिळून १५ टक्के होतात, ही समजूत चुकीची आहे. दर गुणले जातात, मिळविले जात नाहीत : १.१० × १.०५ = १.१५५; प्रत्यक्ष वाढ साडेपंधरा टक्के. १८ टक्के दराच्या हॉटेलात हीच वाढ २९.८ टक्के होते. सेवा आकार काढून टाकण्याची विनंती मान्य झाल्यास कराची रक्कमही नव्याने काढली गेली आहे किंवा नाही, हे पाहणे अगत्याचे ठरते. कित्येकदा ८४ रुपये कमी होतात आणि ४.२० रुपये तसेच राहतात.

दरपत्रकावर ‘सर्व करांसह’ असा उल्लेख असेल, तर उलट गणित करावे लागते. २०० रुपयांच्या थाळीत कर किती, याचे उत्तर विद्यार्थी हमखास १० रुपये असे देतात. वास्तविक २०० ला १.०५ ने भागले पाहिजे; मूळ किंमत १९०.४८ आणि कर ९.५२ रुपये.

सवलतीबाबतही एक बारकावा आहे. उपाहारगृहाने स्वतः दिलेली २० टक्के सवलत देयकावर दाखविली असेल, तर १,००० ऐवजी ८०० रुपयांवर, म्हणजे ४० रुपये कर लागतो. मात्र कार्ड देणाऱ्या बँकेने नंतर परत केलेली रक्कम ही जेवणाच्या किंमतीतील घट नसते. तेथे कर पूर्ण १,००० रुपयांवरच राहतो.

मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. मानवी सेवनाच्या मद्यावर राज्याचा मूल्यवर्धित करच चालू आहे. त्यामुळे परमिट रूमच्या देयकात दोन करपद्धती शेजारी-शेजारी नांदतात. १,२०० रुपयांचे जेवण आणि ८०० रुपयांचे मद्य असेल, तर ५ टक्के कर केवळ १,२०० वर, म्हणजे ६० रुपये. मद्यावर मूल्यवर्धित कर उदाहरणापुरता १० टक्के धरल्यास ८० रुपये. एकूण २,१४०. संगणकात पदार्थांचे वर्गीकरण चुकल्यास ५ टक्के कर २,००० वर लागतो आणि ग्राहक ४० रुपये जादा देतो. जेवणासोबत मागविलेला सोडा वा शीतपेय मात्र मद्याच्या बाजूला जात नाही. उपाहारगृहाच्या सेवेचा भाग म्हणून त्यावर ५ टक्केच दर लागतो.

छोट्या खानावळींचा प्रकार वेगळा. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या खानावळीला सामान्यतः नोंदणीची गरज नसते. नोंदणी नसेल, तर कर घेण्याचा अधिकारही नसतो. दीड कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेले उपाहारगृह आपसमेळ योजनेत जाऊन उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरू शकते. अशा उपाहारगृहाला ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि तसे देयकावर छापावेही लागते. महाराष्ट्रातील नोंदणी क्रमांक पंधरा चिन्हांचा असून तो २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. कराची ओळ आहे आणि क्रमांक नाही, असे देयक शंकास्पद समजावे.

परगावच्या ग्राहकासाठी आंतरराज्य कर लागत नाही. उपाहारगृहाच्या सेवेचे ठिकाण ती जेथे दिली जाते तेच असते. त्यामुळे नागपूरचा प्राध्यापक दिल्लीत जेवला, तर राज्याचा हिस्सा दिल्लीला जातो.

सेवा आकाराचा वाद

कर हा कायद्याने लागतो. सेवा आकार कशाने लागतो? उपाहारगृहांच्या संघटनांचे म्हणणे असे की, तो करारातून लागतो. दरपत्रकावर तो नमूद असतो, ते वाचून ग्राहक पदार्थ मागवितो, म्हणजे त्याची संमती असते. शिवाय मालकाला आपल्या मालाची किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सेवा आकार ऐच्छिक असल्याचे सांगितले. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अधिक कडक सूचना दिल्या. देयकात सेवा आकार आपोआप मिळवू नये, दुसऱ्या नावाने तो घेऊ नये, तो देण्याची सक्ती करू नये, न देणाऱ्यास प्रवेश वा सेवा नाकारू नये आणि जेवणाच्या रकमेत तो मिळवून त्यावर कर लावू नये, असा त्यांचा आशय होता. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचनांना स्थगिती दिली. २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने संघटनांच्या याचिका प्रत्येकी १ लाख रुपये खर्चासह फेटाळल्या आणि सूचना वैध ठरविल्या. या निर्णयाविरुद्ध खंडपीठाकडे अपिले दाखल झाली.

मालकांच्या युक्तिवादात एक बळकट मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. उद्या एखाद्या उपाहारगृहाने सेवा आकार बंद करून ८४० रुपयांच्या जेवणाची किंमत ९२४ रुपये केली, तर त्याला कोणीही हरकत घेऊ शकत नाही. उपाहारगृहातील पदार्थांच्या किमतीवर नियंत्रण नाही. ग्राहक तेवढेच ९७०.२० रुपये देईल. मग या वादातून ग्राहकाला मिळाले काय?

उत्तर रकमेत नसून माहितीत आहे. ग्राहक दोन उपाहारगृहांची तुलना दरपत्रकावरील आकड्यांवरून करतो. एकाची थाळी ३०० रुपये आणि दुसऱ्याची ३२० रुपये असेल, तर तो पहिल्याकडे जातो. तेथे १० टक्के सेवा आकार असल्यास त्याला प्रत्यक्षात ३३० रुपये मोजावे लागतात. स्वस्त दिसणारे दुकान महाग निघते, आणि प्रामाणिकपणे पूर्ण किंमत लिहिणारा दुकानदार गिऱ्हाईक गमावतो. दरपत्रकाच्या शेवटच्या पानावरील बारीक टाइपातील ओळ ही तुलना दुरुस्त करीत नाही. किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य मालकाला आहे, हे मान्य. ती किंमत एकाच ठिकाणी पूर्ण लिहिण्याचे बंधनही त्यातच अनुस्यूत असावयास हवे.

२०१७ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेल व उपाहारगृहांना पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा अधिक दराने विकता येईल, असा निर्णय दिला. तो सेवा आकाराच्या समर्थनार्थ अनेकदा पुढे केला जातो. तेथे मात्र बाटलीचा वाढीव दर दरपत्रकावर स्वतंत्रपणे छापलेला असतो आणि ग्राहक तो पाहूनच बाटली मागवितो वा नाकारतो. म्हणून तो दाखला येथे फारसा उपयोगी पडत नाही.

वाढप्याचा वाटा

सेवा आकाराचे नैतिक समर्थन कामगारांच्या नावाने केले जाते : ही रक्कम वाढपी, आचारी, भांडी घासणारे अशा सर्वांत वाटली जाते, केवळ टेबलाशी उभ्या असणाऱ्यालाच टीप मिळते. स्वयंपाकघराच्या आत राबणाऱ्यांना टीप मिळत नाही, हे खरेच आहे आणि या युक्तिवादाचा तो प्रामाणिक भाग आहे. परंतु सेवा आकार मालकाच्या महसुलात जमा होतो आणि त्यातील किती हिस्सा कोणाला मिळाला, हे ग्राहकाला देयकावरून कळत नाही.

टीप मात्र कायद्याच्या दृष्टीनेही वेगळी आहे. २०१६ साली आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, ग्राहकाने कार्डाने दिलेली आणि मालकाने कर्मचाऱ्यांना वाटलेली टीप हे मालकाने दिलेले वेतन नव्हे. मालक ती रक्कम केवळ पोहोचवितो. ग्राहकाने वाढप्याच्या हाती स्वेच्छेने दिलेली टीप ही पुरवठादाराला दिलेला मोबदला नसल्यामुळे तिच्यावर वस्तू व सेवा करही लागत नाही. मागील उदाहरणातील ग्राहकाने सेवा आकार न देता तेच ८४ रुपये वाढप्याला रोख दिले, तर त्याचा खर्च ९६६ रुपये होतो, ९७०.२० नव्हे. वाढप्याला पूर्ण ८४ रुपये मिळतात आणि ग्राहकाचे ४.२० रुपये वाचतात. सेवा आकार काढून घेणारा ग्राहक जर टीपही देत नसेल, तर मात्र या सर्व कायदेशीर यशाची किंमत पगारावर भागत नसलेल्या वाढप्याने मोजलेली असते.

घरपोच जेवण आणि महाविद्यालयाची खानावळ

घरपोच जेवण पुरविणाऱ्या झोमॅटो, स्विगी यांसारख्या मंचांवरून मागविलेल्या जेवणावरील ५ टक्के कर १ जानेवारी २०२२ पासून उपाहारगृहाऐवजी मंचालाच भरावा लागतो. उपाहारगृहाने लावलेला पॅकिंगचा आकार जेवणाच्या मूल्यातच धरला जातो, तर मंचाच्या स्वतःच्या शुल्कावर १८ टक्के कर लागतो. एकाच देयकात दोन दर दिसतात ते यामुळे.

प्राध्यापकवर्गाच्या दृष्टीने जवळचा प्रश्न महाविद्यालयाच्या आवारातील खानावळीचा आहे. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने परिपत्रक व त्याचे शुद्धिपत्र काढून याविषयी खुलासा केला. शैक्षणिक संस्था स्वतः आपले विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी यांच्यासाठी खानावळ चालवीत असेल, तर ती सेवा करमुक्त आहे. तीच खानावळ बाहेरच्या ठेकेदाराकडे सोपविली असेल, तर ठेकेदाराच्या सेवेवर ५ टक्के कर लागतो. उच्च माध्यमिक स्तरापर्यंतच्या संस्थेला ठेकेदाराने दिलेली खानपान सेवा करमुक्त असली, तरी पदवी महाविद्यालयांना तो लाभ नाही. त्यामुळे एकाच आवारात कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालय चालविणाऱ्या संस्थांना खानावळीचा करार करताना ठेकेदाराची नोंदणी, त्याची उलाढाल आणि करारातील दर करासह आहे की कराशिवाय, या तीन बाबी करारपत्रातच लिहून घ्याव्या लागतात. अन्यथा वर्षाअखेरीस ठेकेदार कराची मागणी पुढे करतो आणि दहा रुपयांचा वडापाव साडेदहा रुपयांना कसा झाला, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याचे काम वाणिज्य विभागाकडे येते.